जबड्याचें हाड आणि दंतरोपण



दात पडणें हा म्हातारपणाचा धर्मच, अशी आपली समजूत आहे. त्या समजुतीपायीं मीं नुकसान सोसलें, म्हणून आज चार शब्द बोलण्याचें धाडस करीत आहें. मी वैद्य नव्हें, शाळामास्तर आहें. वैद्यांनीं मला जें समजावून दिलें तेंच सांगणार.

माझ्या उजव्या बाजूच्या खालच्या तीन दाढा काढल्या, दुखणें थांबलें, आणि तेवढ्यावर मी दहा वर्षें संतुष्ट राहिलों. पुढें सारा भार डावीकडे पडून तिकडच्या दाढाहि हलूं लागल्या. ज्वारीची भाकरी ताकांत भिजविल्यावांचून घशाखालीं उतरेना. तेव्हां दंतवैद्यांकडे गेलों. ते म्हणाले, "गुरुजी, दाढा रोवूं हो, पण रोवावयास हाड कोठें उरलें आहे?"

दाताच्या मुळामुळें जबड्याच्या हाडास रोजचें काम असतें. मूळ उपटलें कीं तें काम संपतें व हाड आटूं लागतें. दाढ काढल्यापासून एका वर्षांत त्या जागेची रुंदी निम्म्यापर्यंत घटूं शकते, आणि त्यांतील बराच भाग पहिल्या तीन महिन्यांतच जातो. मीं तर दहा वर्षें घालविलीं!

दंतरोपणाचें मूळ स्वीडन देशांत आहे. तेथील ब्रानमार्क यांनीं १९५२ सालीं सशाच्या हाडांत बसविलेलें टायटेनियम धातूचें उपकरण काढूं पाहिलें, तों तें हाडाशीं एकजीव झालेलें आढळलें. १९६५ सालीं त्यांनीं गोस्टा लार्सन यांच्या खालच्या जबड्यांत असे खिळे बसविले, आणि लार्सन यांनीं ते चाळीस वर्षें वापरले.

असा खिळा साधारण चार मिलिमीटर जाड असतो. दोन्ही अंगांस एकेक मिलिमीटर हाड धरलें तर सहा मिलिमीटर रुंदी हवी. माझी भरली चार.

मग हाड रुंद करणें आलें. आपल्या जिल्ह्याचेंच उदाहरण घ्या. घाटाखालच्या काळ्या मातींत मेख ठोकली तर माती बाजूस सरून जागा देते. वरचा जबडा बहुधा तसा असतो. खालचा जबडा घाटावरच्या मुरमासारखा असतो. बाहेरून दोन कठीण पत्रे, आणि मधें जाळीदार हाडाचा पातळ थर. वाळलेल्या बाभळींत एका दमांत पाचर मारली तर ढलपी उडते. तसाच येथें बाहेरचा पत्रा तुटण्याचें भय असतें.

म्हणून हें काम दोन खेपांत केलें. पहिल्या खेपेस हिरडी उघडून हाडास बारीक चिरा पाडल्या आणि हिरडी शिवून टाकली. चार आठवडे थांबलों. तेवढ्यांत हिरडीकडून त्या पत्र्यास रक्ताचा पुरवठा पुन्हा सुरू होतो. दुसऱ्या खेपेस हिरडी पत्र्यास चिकटलेली ठेवूनच बारीक छिन्न्यांनीं तो, बिजागरीवरचें कवाड लोटावें तसा, हळूहळू बाहेर लोटला. मधें खिळे बसविले व उरलेली फट हाडाच्या चुऱ्यानें भरली. कठीण हाड भोंकें पाडतांना लवकर तापतें, आणि ४७ अंश सेल्सिअसच्या वर मिनिटभर तापलें तर मरूं लागतें. म्हणून थंड पाण्याची धार सतत चालू होती.

याच हाडांतून खालच्या ओठाकडे जाणारा मज्जातंतू असतो. त्यास इजा झाली तर ओठ बधिर होतो. ज्यानें जन्मभर ओठांवर पोट भरलें, त्यास हें ऐकून दोन रात्री झोंप आली नाहीं. अखेर क्ष-किरणांच्या त्रिमिति चित्रांत तंतूपासूनचें अंतर स्वतः पाहिलें, तेव्हां संमति दिली. ओठास कांहीं आठवडे मुंग्या येत; पुढें त्या गेल्या. पांच महिन्यांनीं खिळ्यांवर दाढा चढल्या.

हा उपाय सर्वांस लागू नाहीं. रुंदी तीन मिलिमीटरहून कमी असेल, किंवा दोन पत्र्यांमधें जाळीदार थरच नसेल, तर दुसरीकडचें हाड आणून लावावें लागतें. मधुमेह आटोक्यांत नसेल, किंवा तंबाखू सुटत नसेल, तर जखम नीट भरत नाहीं.

तात्पर्य, दात वांचवितां येत असेल तर तो वांचवावा. काढणें भागच पडलें तर रिकाम्या जागेचा विचार त्याच दिवशीं वैद्यांशीं करावा. शेत पडीक ठेवलें तर फिरून नांगरतां येतें. जबड्याचें हाड मात्र आपली वाट पाहत थांबत नाहीं.