ओल पेजेताचे गेंडे

जुलै-ऑगस्ट आला की पुण्या-मुंबईहून केनियाच्या सहली निघायला लागतात. बहुतेकांच्या डोळ्यांसमोर मसाई मारा असतं आणि नदीत धडाधड उड्या टाकणारे विल्डबीस्टचे कळप. आज मी बोलणार आहे ते त्याच देशातल्या, पण जरा आडबाजूच्या एका ठिकाणाबद्दल. नैरोबीच्या उत्तरेला साधारण 200 किलोमीटरवर नान्युकी नावाचं गाव आहे. त्याच्याजवळ, माउंट केनियाच्या पश्चिमेला, ओल पेजेता हे अभयारण्य पसरलंय. विषुववृत्त इथूनच जातं, तरी पहाटे उघड्या जीपमध्ये बसायचं तर स्वेटर लागतो, कारण ही जागा सहा हजार फुटांच्या आसपास उंचीवर आहे.

ही मुळात गुरांच्या चराईची जमीन, जवळजवळ 90,000 एकरांची. इंग्रजांच्या काळापासून इथे मांसासाठी गुरं पाळली जात. 1988 साली तिचा एक भाग गेंड्यांसाठी राखून ठेवला, पुढे तो वाढत गेला. असं का करावं लागलं, ते आकड्यांवरून कळतं. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला केनियात सुमारे 20,000 काळे गेंडे होते. ऐंशीचं दशक संपता संपता चारशेसुद्धा उरले नाहीत. येमेनमध्ये खंजिरांच्या मुठींना गेंड्याचं शिंग लागायचं, आशियातल्या पारंपरिक औषधांत त्याची पूड जायची. आपली नखं ज्या केराटिनची असतात, त्याचंच हे शिंग. ताप उतरवायला त्याचा काडीचा उपयोग नाही, पण बाजार शास्त्राला विचारून चालत नाही.

उरलेसुरले गेंडे गोळा करून कुंपणाच्या आत, पहाऱ्यात ठेवायचे असं केनियानं ठरवलं. ओल पेजेता त्यातलंच एक. आज तिथे दीडशेहून अधिक काळे गेंडे आहेत. पूर्व आफ्रिकेतल्या एकाच अभयारण्यात एवढे दुसरीकडे नाहीत. त्यांच्या जोडीला दक्षिणेकडचे पांढरे गेंडेही आहेत. काळा काय नि पांढरा काय, रंगाला दोघेही मातकट राखाडीच. ओळखायचं ते तोंडावरून. काळ्याचा वरचा ओठ चोचीसारखा पुढे आलेला असतो, त्यानं तो झुडपांचा पाला ओरबाडतो. पांढऱ्याचं तोंड रुंद आणि सपाट. मान खाली घालून तो गवत कापत चालतो. त्यामुळे पांढरा उघड्या माळावर सहज दिसतो आणि काळ्यासाठी झुडपांत डोळे लावून बसावं लागतं.

गेंड्यांच्या कानांकडे जरूर बघा. लहान असतानाच बेशुद्ध करून त्यांच्या कानांच्या कडांना खाचा पाडतात. कोणती खाच कुठे, यावरून प्रत्येकाचा क्रमांक ठरतो. दुर्बिणीतून कान वाचायचे, नोंद करायची आणि बरेच दिवस जो दिसला नाही त्याचा माग काढायचा, हे तिथल्या रक्षकांचं रोजचं काम. जोडीला बंदूकधारी पथकं आणि माग काढणारी कुत्री असतात.

मला स्वतःला सगळ्यात जास्त भावतं ते तिथलं उत्तरेचं कुंपण. हत्ती, जिराफ, झेब्रे यांना ये-जा करता यावी म्हणून त्यात मोकळ्या जागा ठेवल्यात, आणि तिथे जमिनीत बुटके खांब दाटीनं रोवलेत. हत्ती पाय उचलून निवांत पलीकडे जातो. गेंड्याचे पाय आखूड. त्याला ते ओलांडता येत नाहीत आणि दोन खांबांमधून अंगही जात नाही. एवढ्या साध्या युक्तीनं बाकीच्यांना वाट मिळाली आणि गेंडा आतच राहिला.

गुरं मात्र इथून गेलेली नाहीत. बोरान जातीचे कळप अजूनही याच माळावर झेब्र्यांच्या बरोबरीनं चरतात. रात्री सिंहांच्या भीतीनं त्यांना तात्पुरत्या वाड्यांत कोंडतात आणि हे वाडे अधूनमधून हलवतात. आपल्याकडे शेतात मेंढरं बसवतात तसाच हा प्रकार. वाडा उठला की शेणामुताच्या जागी कोवळं, हिरवंगार गवत येतं आणि त्यावर हरणं जमतात. गुरांवर औषध फवारलेलं असल्यामुळे माळावरची गोचीडही कमी होते. शुद्ध, अस्पर्श जंगल बघायला आलेल्या माणसाचा इथे जरा हिरमोड होईल. मला मात्र हा हिशेबी कारभार आवडतो. तिकिटाचे पैसे, मांसाचे पैसे आणि देणग्या, यांतूनच पहारा चालतो.

पण पहाऱ्यालाही मर्यादा असते. उत्तरेकडच्या पांढऱ्या गेंड्यांच्या उरल्यासुरल्या मोजक्या जिवांपैकी चार 2009 च्या डिसेंबरमध्ये चेक देशातल्या प्राणिसंग्रहालयातून इथे आणले. आफ्रिकेच्या मातीत त्यांची वीण होईल अशी आशा होती. ती झाली नाही. 2018 च्या मार्चमध्ये सुदान हा शेवटचा नर गेला. आता उरल्या आहेत नाजिन आणि तिची लेक फातू. दोघींनाही गर्भ पेलवणार नाही. म्हणून फातूची बीजांडं इटलीतल्या प्रयोगशाळेत नेतात, मेलेल्या नरांच्या गोठवून ठेवलेल्या वीर्यानं ती फलित करतात आणि तयार झालेले भ्रूण द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवतात. ते वाढवायचे दक्षिणेकडच्या मादीच्या पोटात. दक्षिणेकडच्याच भ्रूणावर केलेल्या चाचणीत गर्भ राहिला, हे 2024 च्या जानेवारीत जाहीर झालं. पण सत्तर दिवसांची गाभण असलेली ती मादी त्याआधीच जंतुसंसर्गानं दगावली होती.

काळ्या गेंड्यांची अडचण नेमकी उलटी आहे. ते वाढले आणि जागा अपुरी पडायला लागली. दाटी झाली की नर हद्दीसाठी एकमेकांना फाडतात आणि वीणही मंदावते. त्यांना दुसरीकडे हलवणं हा एक उपाय, पण तो सोपा नाही. 2018 साली केनियातल्याच दुसऱ्या ठिकाणांहून अकरा काळे गेंडे त्सावो ईस्टमध्ये नेले होते. तिथल्या खारट पाण्यानं दहा मेले आणि अकराव्यावर सिंहांनी हल्ला केला. त्यानंतर 2024 मध्ये ओल पेजेता, लेवा आणि नैरोबी राष्ट्रीय उद्यान अशा तीन ठिकाणचे मिळून 21 काळे गेंडे लोइसाबा नावाच्या अभयारण्यात सोडले. तिथला शेवटचा गेंडा शिकाऱ्यांनी मारला, त्याला पन्नास वर्षं झाली होती.