रकान्याबाहेरची माणसे



महाराष्ट्राच्या शिरगणतीचे अहवाल ओळीने समोर ठेवून वाचणाऱ्यास दोन ठिकाणी थबकावे लागते. १९७१ साली या राज्यात अनुसूचित जमातींची लोकसंख्या २९ लाख ५४ हजार होती. १९८१ साली ती ५७ लाख ७२ हजार भरली. पुढच्या दशकात हाच प्रकार अनुसूचित जातींच्या बाबतीत घडला. १९८१ साली ४४ लाख ७९ हजार असलेला त्यांचा आकडा १९९१ साली ८७ लाख ५७ हजारांवर गेला. दोन्ही वाढी शेकडा पंचाण्णवच्या घरातल्या आहेत. याच दोन दशकांत राज्याची एकूण लोकसंख्या दर खेपेस सुमारे पाव हिश्शाने वाढली होती. ज्या पाड्यांवर पावसाळ्यात मुले दगावतात, तेथील माणसे दहा वर्षांत दुप्पट झाली, असे मानण्यास निसर्गात आधार सापडत नाही. अर्थात माणसे वाढली नव्हती. ज्या यादीवर बोट ठेवून माणसे मोजायची ती यादी बदलली होती.

ही यादी म्हणजे संविधानाच्या ३४१ व्या व ३४२ व्या कलमांखाली निघालेले राष्ट्रपतींचे आदेश होत. एकदा निघालेल्या आदेशात नाव घालण्याचा वा काढण्याचा अधिकार फक्त संसदेला आहे. शिरगणतीचा प्रगणक दारात उभा राहून जात विचारतो, तेव्हा तो समाजशास्त्र विचारीत नसतो. सांगितलेले नाव त्याच्या हातातील यादीत आहे की नाही, एवढेच पाहत असतो. ते असले तर माणूस अनुसूचित ठरतो, नसले तर तो 'इतर'. आणि या 'इतर' शब्दाच्या पोटात कोण कोण गडप झाले, याचा हिशेब स्वतंत्र भारताने १९५१ पासून ठेवलेला नाही.

मोजणीचे हे राजकारण जुने आहे. १९११ च्या शिरगणतीत हिंदूंमधील अस्पृश्य व आदिवासी वेगळे काढण्यासाठी आयुक्त गेट यांनी दहा कसोट्या घालून दिल्या : ब्राह्मणांचे श्रेष्ठत्व मानतात की नाही, देवळाच्या गाभाऱ्यात प्रवेश आहे की नाही, स्पर्शाने विटाळ होतो की नाही, मृतांना पुरतात की काय, अशा त्या कसोट्या होत्या. पुढे १९३२ साली मताधिकाराचा विचार करणारी लोथियन समिती आली आणि अस्पृश्यांची संख्या किती यावर राजकीय प्रतिनिधित्व अवलंबून राहणार हे उघड झाले. तेव्हा आमच्या प्रांतात अस्पृश्य फारसे नाहीतच, असे सांगणारे साक्षीदार ठिकठिकाणी पुढे आले. ज्यांना विहिरीवर येऊ दिले जात नव्हते, ते कागदावर एकाएकी स्पृश्य होऊ लागले. कोटींचे लाख कसे होतात, हे डॉ. आंबेडकरांनी या अनुभवावरून पुराव्यानिशी लिहून ठेवले आहे.

त्याच आंबेडकरांच्या अनुयायांच्या वाट्याला पुढे जे आले ते अधिक विलक्षण आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे धर्मांतर झाले. १९५१ साली महाराष्ट्राच्या भूभागात बौद्धांची संख्या अडीच हजारांच्या आसपास होती; १९६१ साली ती २७ लाख ८९ हजार झाली. जगाच्या इतिहासात इतक्या अल्प काळात इतक्या मोठ्या समूहाने स्वतःच्या निर्णयाने धर्म बदलल्याची उदाहरणे थोडीच असतील. पण १९५० च्या आदेशात अशी अट होती की, अनुसूचित जातीचा मनुष्य हिंदू असला पाहिजे. १९५६ साली सर्व दलित शिखांना तीत जागा मिळाली, बौद्धांना मिळाली नाही. परिणामी १९६१ साली या राज्यात अनुसूचित जातींचे प्रमाण शेकडा ५.६३ एवढेच उरले. गावकुसाबाहेरचे घर तेच, पाणवठा तोच, गावकीचा अपमान तोच. मात्र केंद्राच्या लेखी तो मनुष्य अनुसूचित राहिला नव्हता. राज्य सरकारने १९६० पासून नवबौद्धांना सवलती दिल्या, हे येथे नमूद केले पाहिजे. परंतु केंद्रीय नोकऱ्या आणि राखीव मतदारसंघ यांचे दार त्यांना बंदच राहिले. ज्यांच्या घरात बाबासाहेबांची तसबीर होती, त्यांतल्या किती जणांनी मुलाच्या शिष्यवृत्तीकडे किंवा नोकरीकडे पाहून धर्माच्या रकान्यात जुनेच नाव सांगितले असेल, त्याची नोंद कोणत्याही अहवालात मिळणार नाही.

हा अन्याय १९९० साली संसदेने दूर केला आणि १९९१ साली प्रमाण ७.१४ वरून ११.०९ वर गेले. आकड्याचे कोडे येथे सुटते. प्रश्न मात्र सुटत नाही. मतदारसंघांची रचना १९७१ च्या शिरगणतीवर गोठविलेली होती. महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ जागांपैकी अनुसूचित जातींसाठी १८ राखीव होत्या, म्हणजे शेकडा सव्वासहा. १९९१ च्या प्रमाणाने त्या ३१ किंवा ३२ व्हावयास हव्या होत्या. त्या झाल्या नाहीत. १९९५, १९९९ आणि २००४ या तिन्ही विधानसभा निवडणुका जुन्याच अठरा जागांवर लढविल्या गेल्या. २००८ च्या पुनर्रचनेनंतर २००१ ची लोकसंख्या धरून ही संख्या २९ झाली. लोकसभेतील राखीव जागा तीनवरून पाच झाल्या. १९७६ साली आदिवासींची यादी वाढविणाऱ्या कायद्यात नव्या आकड्यांनुसार राखीव मतदारसंघ फिरून ठरविण्याची तरतूद संसदेने केली होती. १९९० च्या कायद्यात ती केली नाही. तीन विधानसभांतून दर खेपेस तेरा-चौदा जागा कमी पडल्या, आणि त्याविरुद्ध महाराष्ट्रात म्हणावे तसे आंदोलनही उभे राहिले नाही. नामांतरासाठी रक्त सांडणाऱ्या चळवळीचे लक्ष या कोरड्या कलमाकडे जाऊ नये, याचे आश्चर्य वाटते.

बौद्धांच्या नोंदीत आणखी एक गुंता अद्यापि शिल्लक आहे. नुसते 'बौद्ध' एवढेच सांगितले तर तो मनुष्य अनुसूचित जातीत धरला जात नाही. यादीतील जातीचे नाव सांगावे लागते. जे नाव टाकून देण्यासाठी धर्म बदलला, तेच नाव प्रगणकापुढे पुन्हा उच्चारावे लागते. २०११ साली महाराष्ट्रात ६५ लाख ३१ हजार बौद्ध होते. त्यांपैकी अनुसूचित जातींत नोंदले गेले ते सुमारे ५२ लाख. उरलेल्या तेरा लाखांत अन्य समाजांतून आलेले काही असतील. पण जातीचे नाव घेण्यास ज्यांनी नकार दिला किंवा ज्यांना ते विचारण्याची तसदीच प्रगणकाने घेतली नाही, असेही त्यांत पुष्कळ असले पाहिजेत. स्वाभिमानाने बोलावे तर संख्या घटते आणि संख्या राखावी तर स्वाभिमानाला मुरड पडते. या पेचातून वाट काढणे शिरगणती खात्याला अशक्य नाही. धर्मांतरापूर्वीची जात असा निराळा प्रश्न ठेवल्यास उत्तर देणाऱ्याचा मानही राहील व नोंदही राहील.

आदिवासींच्या आकड्याची कथा निराळी आहे. १९७६ पूर्वी विदर्भात गोंड हा आदिवासी ठरत असे तो तहसिलीवरून. मेळघाट, गडचिरोली, सिरोंचा, केळापूर, वणी, यवतमाळ एवढ्या तहसिलींत राहणारा गोंड आदिवासी. त्याच चांदा जिल्ह्याच्या दुसऱ्या तहसिलीत राहणारा त्याचा सख्खा भाऊ आदिवासी नव्हे. १९७६ च्या कायद्याने हे क्षेत्रबंधन उठविले. ते उठविणे न्याय्यच होते. पण यादीतील नावाशी जुळणारे नाव सांगितले की नोंद होते, ही पद्धत तशीच राहिली; आणि ज्यांचा पाड्याशी संबंध नाही अशांनीही नामसाधर्म्याच्या आधारे या यादीत शिरकाव केल्याची तक्रार आदिवासी कार्यकर्ते तेव्हापासून करीत आले आहेत. 'हलबा'मध्ये 'हलबा-कोष्टी' येतात काय, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला व २००० सालच्या नोव्हेंबरात येत नाहीत असा निकाल लागला. तोवर एक पिढी नोकरीला लागून निवृत्तीच्या वाटेवर होती.

येथे घाईने एका बाजूला खरे व दुसऱ्या बाजूला खोटे अशी विभागणी करून मोकळे होता येत नाही. यादीत 'गोंड गोवारी' असे एक नाव आहे. गोवारी म्हणजे तेच की निराळे, हे ठरवून मागण्यासाठी २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात विधिमंडळावर मोर्चा आला. तेथील चेंगराचेंगरीत ११४ गोवारी मेले. त्यांत बाया आणि मुलेच अधिक होती. २०१८ साली उच्च न्यायालयाने गोवारींच्या बाजूने निर्णय दिला, २०२० च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला. दोन शब्दांच्या मधल्या जागेसाठी ११४ माणसे गेली. गुरे राखणाऱ्या या गरीब समाजाला कोणत्या ना कोणत्या रकान्यात मायेची जागा का मिळू नये, याचे उत्तर न्यायालयाच्या कक्षेत नव्हते. ते द्यावयाचे होते विधिमंडळाने.

ज्यांना यादीच नाही त्यांचे काय, हा प्रश्न तर याहून बिकट. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पारधी, कैकाडी, बेरड अशा अनेक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवून हजेरी लावण्यात आली, तारेच्या कुंपणात वस्त्या झाल्या. १९५२ साली कायदा गेला आणि त्यांना 'विमुक्त' असे गोड नाव मिळाले. महाराष्ट्राने विमुक्त व भटक्या जमातींची स्वतंत्र वर्गवारी केली खरी, पण केंद्राच्या शिरगणतीत तिला रकाना नाही. बंजारा समाज महाराष्ट्रात विमुक्त, कर्नाटकात अनुसूचित जात आणि तेलंगणात अनुसूचित जमात आहे. तांडा सीमा ओलांडून गेला की त्याची गणना बदलते. बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने २००८ साली अहवाल दिला. पुढे २०१८ साली इदाते आयोगाचाही आला. दोघांनाही अंदाजावर काम करावे लागले. इंग्रज सरकारला त्यांची रोजची हजेरी घेणे जमत होते. स्वराज्यातील सरकारला दहा वर्षांतून एकदा त्यांची संख्या विचारणे जमले नाही.

इतर मागासवर्गीयांविषयी तर बोलावयासच नको. काकासाहेब कालेलकरांच्या आयोगाने १९५५ साली सुचविले होते की, १९६१ ला सर्व जाती मोजाव्यात. ते झाले नाही. १९८० साली मंडल आयोगाला शेकडा ५२ चा अंदाज बांधावा लागला तो १९३१ च्या, म्हणजे एकोणपन्नास वर्षांपूर्वीच्या आकड्यांवरून. २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीत जात विचारली गेली, पण उत्तरे प्रसिद्ध झाली नाहीत. महाराष्ट्राने ती मागितली तेव्हा २०२१ साली केंद्राने न्यायालयात सांगितले की, १९३१ साली ४,१४७ जाती होत्या, या पाहणीत ४६ लाख नावे गोळा झाली आहेत. पोटजात, आडनाव, गोत्र, लेखनातील चुका असे सारे त्यांत आले. यादी न देता प्रश्न विचारला की दुसरे काय व्हावयाचे? मोजणी वाईट झाली हे मोजणी न करण्याचे कारण होत नाही. जात मोजल्याने जात वाढते, हा युक्तिवाद करणारे बहुधा असे असतात की ज्यांना आपली जात कधी कोणी विचारलेली नसते.

३० एप्रिल २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने येत्या शिरगणतीत सर्व जाती मोजण्याचे ठरविले. २०२१ ची शिरगणती झालीच नव्हती. नव्या गणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भतिथी जाहीर झाली. म्हणून आता लक्ष द्यावयाचे ते घोषणेकडे नव्हे, तर प्रगणकाच्या हातातील सूचनापुस्तिकेकडे. या सभेत बसलेल्या प्राथमिक शिक्षकांपैकी कित्येकांवर हे काम येईल. आकडा प्रश्नाच्या शब्दांवर कसा फिरतो, याचा एकच दाखला पुरे आहे. २०११ च्या घरयादीत देशात ७ लाख ९४ हजार संडास असे आढळले, की ज्यांतील मैला माणसे हाताने उचलत होती. पण ती माणसे शोधावयास सरकारी पाहण्या निघाल्या, तेव्हा साऱ्या देशात मिळून ५८,०९८ जणांचीच नोंद झाली. संडास सापडतात आणि तो साफ करणारा सापडत नाही. कारण पहिला प्रश्न घरमालकाला विचारलेला होता आणि दुसऱ्याचे उत्तर अधिकाऱ्याला अडचणीचे होते.

सूचनापुस्तिकेइतकेच महत्त्व मोजणीच्या महिन्याला आहे. २०११ साली गणना ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली. मराठवाड्यातील ऊसतोड कामगार, त्यांत वंजारी, बंजारा आणि दलित कुटुंबे मोठ्या संख्येने, दिवाळीनंतर बैलगाड्या जुंपून किंवा ट्रकमध्ये बसून जातात ते गाळप संपल्यावरच परततात. रायगड-ठाण्याचे कातकरी त्याच वेळी वीटभट्ट्यांवर असतात. संपूर्ण गणनाकाळ जो घराबाहेर असतो त्याची नोंद तो सापडेल तेथे करावी, असा नियम आहे. म्हणजे कोप्यांवरची आणि भट्टीवरची माणसे मोजली गेली तरी ती साखर कारखान्याच्या शिवारात मोजली जातात. आणि मोजली न गेली, तर कोठेच मोजली जात नाहीत. अंगणवाडी, रस्ता, पाणी, आदिवासी उपयोजनेतला वाटा आणि ग्रामपंचायतीतील राखीव जागा ठरतात त्या मात्र गावच्या आकड्यावर. उसाच्या फडाच्या कडेला पाचटाच्या कोपीत जो प्रगणक पहाटे जाणार नाही, त्याला तेथे दिवसभर कोणीही भेटणार नाही. कारण नवराबायको दोघेही अंधार असतानाच कोयता घेऊन निघालेले असतात आणि मागे राहिलेल्या सात-आठ वर्षांच्या मुलीला आपल्या जातीचे यादीतील नाव ठाऊक नसते.