मितदेवाचा खांब



इतिहास परिषदेचा स्वागताध्यक्ष म्हणून छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीवरचा अत्तर-उदबत्तीवाला कसा, हे कोडं काहींना पडलं असेल. उत्तर सोपं आहे: मांडवाचं आणि जेवणाचं बिल कुणीतरी द्यायचं असतं. पण माझ्या बाजूने एक जुना दाखलाही आहे.

उद्या आपण कन्नड तालुक्यात पितळखोऱ्याला जाणार आहोत. इसवी सनाआधी कोरायला घेतलेली बौद्ध लेणी. तिथल्या चैत्यगृहातल्या एका खांबावर ब्राह्मीत नोंद आहे, की हा खांब पैठणच्या मितदेव गंधिकाच्या कुळाने दान दिला. गंधिक म्हणजे सुगंधी द्रव्यं विकणारा. आमच्याच धंद्यातला माणूस! पैठण तिथून शंभरेक किलोमीटर. ही पेठ एवढी नामांकित, की 'पेरिप्लस' हे सागरी प्रवासवर्णन लिहिणाऱ्या ग्रीक दर्यावर्द्यानेही ती भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर सांगितली आहे. अकीकाच्या गाड्या इथूनच बंदराकडे जात.

लेणं म्हणजे संसार सोडलेल्यांची जागा, असं आपण धरून चालतो. मला मात्र पितळखोरं पेठेच्या खातेवहीसारखं वाटतं. गंधिकाचं नाव आहे, राजवैद्य मगिलाचं आहे. तिथे सापडलेला एक यक्ष आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे; तो घडवणाऱ्या कान्हदासाने स्वतःला सोनार म्हणवलंय. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा अक्षरं वाचता येईनात, म्हणून त्या खांबाला किती खर्च आला असेल याचाच हिशेब करत बसलो. पाथरवटांची मजुरी, छिन्न्यांना धार लावणं, इतक्या आडरानात दाणागोटा पोचवणं. किती कुप्या अत्तर विकलं असेल बिचाऱ्याने!

बस सकाळी सहाला सुटेल. पितळखोऱ्यात आधी पायऱ्या उतरायच्या आहेत, म्हणजे चढायच्या परतताना, भर उन्हात. पाणी जवळ ठेवा. विहाराच्या जोत्यावरची हत्तींची रांग बघायला विसरू नका. संध्याकाळी गुलमंडीवर इमरती माझ्याकडून. दुकानात याल तेव्हा घासाघीस जरूर करा. मितदेवाच्या कुळाचा मान राखून पहिला भाव मी जरा चढाच सांगणार आहे.