ढगांच्या फटीतलं आकाश



ऐन वेळी ढग कसा घात करतो, हे कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको. अंबाबाईचा किरणोत्सव आठवा. नोव्हेंबरात ९ ते ११ आणि पुन्हा ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी, मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात. मूर्तीच्या चरणांपासून वर चढत मुखापर्यंत जातात. पश्चिमेला ढग आडवा आला की वाटेतच विरतात. जमलेली माणसं ‘उद्या बघू’ म्हणत परततात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर होतात. हौशी आकाशनिरीक्षकाला हीच चिकाटी लागते. फरक एवढाच, की सूर्य बुडाला की किरणोत्सव संपला. रात्रीच्या आकाशाला मात्र पहाटेपर्यंत मुदत असते.

तरीही संध्याकाळी दोन ढग दिसले की दुर्बीण कोपऱ्यात ठेवून देणारे पुष्कळ. मला हे पटत नाही. आकाश ‘चांगलं’ असण्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात. हवा पारदर्शक असणं ही एक आणि हवा स्थिर असणं ही दुसरी. दोन्ही एकाच रात्री मिळतीलच असं नाही. गार वारा सुटलेल्या लख्ख रात्री तारे झकास लुकलुकतात, पण दुर्बिणीतून पाहिलं तर गुरू उकळत्या पाण्याच्या तळाशी पडल्यासारखा थरथरतो. उलट वारा पडलाय, वर पातळ ढगाचा पडदा आहे, अशा रात्री बऱ्याचदा त्याचं बिंब शांत असतं. पडद्यामुळं त्याची चकाकीही जरा उतरते आणि बिंबावरचे दोन गडद पट्टे नीट उठून दिसतात.

जानेवारी २०२६ मध्ये तर गुरू ऐन भरात होता. १० तारखेला त्याची प्रतियुती होती, म्हणजे सूर्य मावळताना तो उगवला आणि रात्रभर आकाशात राहिला. मिथुन राशीत, पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांजवळ तो होता. प्रतियुतीच्या सुमारास रात्री नऊला पूर्वेकडं तोंड करा, तो कुठला हे विचारावं लागणार नाही. सहा इंची दुर्बिणीतून त्याचे चार मोठे चंद्र सहज दिसतात. हेच चंद्र गॅलिलिओनं जानेवारीतच पाहिले. ७ जानेवारी १६१० ला पादुआत त्याला गुरूशेजारी तीन ठिपके दिसले. ८ ला त्यांच्या जागा बदललेल्या. काय प्रकार आहे म्हणून तो ९ तारखेची वाट बघत बसला, तर त्या रात्री आभाळ गच्च भरलेलं! १० ला दोनच ठिपके दिसले, १३ ला चौथा सापडला.

आपल्या मुलखातला दाखला हवा असेल तर मिरजेपलीकडच्या जमखंडीला जाऊ. तेव्हा ते पटवर्धनांचं संस्थान होतं. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी लेफ्टनंट जॉन हर्शेल तिथं वर्णपटदर्शक घेऊन आला होता. युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचा हा नातू. (आजोबा पेशानं संगीतकार, आकाश बघणं हा आधी छंदच.) ऑगस्टचा महिना, ढग येणारच. खग्रास स्थिती सुरू झाली तीच ढगाआड. पण ढग थोडा सरकला आणि तेवढ्यात हर्शेलनं सूर्यकडेच्या ज्वाळेच्या वर्णपटात तीन तेजस्वी रेषा पाहून घेतल्या: तांबडी, नारिंगी, निळी. ज्वाळा तप्त वायूच्या असतात, हे यातून कळलं. नारिंगी रेष त्याला सोडियमच्या रेषेशी जुळणारी वाटली. ती निराळीच होती आणि हेलियमची होती, हे नंतर उलगडलं. पृथ्वीवर हेलियम सापडायला १८९५ साल उजाडलं.

म्हणून माझं सांगणं, की ढगाळ रात्री यादी आखूड ठेवा. चंद्र, गुरू, एखादा जोडतारा, बस्स. देवयानीची दीर्घिका लख्ख रात्रीसाठी राखून ठेवा. मृगाचा तेजोमेघ मात्र जरूर बघा. बाणाच्या तीन ताऱ्यांखाली फिकट ताऱ्यांची एक ओळ आहे. तिच्या मधोमध दुर्बीण रोखा. पंखासारखा पसरलेला करडा उजेड दिसेल आणि त्याच्या पोटात चार तारे एकाला एक लागून. पातळ ढग येऊ लागला की आधी पंखांची टोकं जातात, मग सगळा करडेपणा जातो; चार तारे शेवटपर्यंत तग धरतात. डोळा नेत्रिकेवरून न काढता हे बघण्यासारखं आहे.

पुढची फट कधी येणार, याचाही अंदाज बांधता येतो. हिवाळ्यात उंचावरचे ढग साधारण पश्चिमेकडून पूर्वेला सरकतात. तेव्हा पश्चिमेला तारे दिसू लागले, तर थोडं थांबा.

खरं सांगायचं तर आपल्याकडं ढगापेक्षा धुराची धास्ती जास्त. गुऱ्हाळांची चुलवाणं, शेतात पेटवलेलं पाचट, कारखान्यांची धुराडी आणि त्यावर नदीकाठचं धुकं. हे सगळं क्षितिजालगत साचतं आणि अगस्त्य तारा नेमका तिथंच. दक्षिणेला तो जेमतेम वीस अंश वर येतो. तो गाठायचा तर जानेवारीच्या मध्यात रात्री अकराच्या सुमारास दक्षिण मोकळी असलेली जागा शोधा. जागा खरोखर अंधारी आहे का, हे ढगच सांगतो. शहरावरचा ढग दिव्यांनी पिवळट उजळलेला असतो. दिव्यांपासून लांब माळावर तोच ढग काळा दिसतो, तारे नसलेला नुसता डाग.

आणखी एक. दुर्बीण तासभर आधीच बाहेर ठेवा, म्हणजे आरसा बाहेरच्या हवेइतका गार होईल. नळीच्या तोंडाला काळ्या पुठ्ठ्याची गुंडाळी बसवा, दव कमी धरतं. तरीही आरशावर दव आलंच, तर रुमालानं पुसायला जाऊ नका, चरे पडतात. दुर्बीण घरात आणा, झाकण न लावता तशीच ठेवा आणि आपण वाळेल ती वाळू द्या. झाकण सकाळी लावा.