व्हॉल्व्ह तापू द्या


घरी अ‍ॅम्प्लिफायर जोडताय?
मग सुरुवातीला एक व्हॉल्व्ह बफर म्हणून बसवून बघा.
ईसीसी 82 चालेल.
जुन्या रेडिओत मंद लाल उजळायचा ना, त्याच जातीचा.

हा बफर आवाज वाढवत नाही.
पुन्हा सांगते, वाढवत नाही.
ग्रिडवर आलेला नाजूक सिग्नल तो कॅथोडवरून जवळजवळ तेवढाच पुढे देतो.
पण आता त्यामागे जोर असतो.
स्पीकर हलवायचं काम पुढच्या ट्रान्झिस्टरचं.

इथे मात्र जिवाशी गाठ आहे.
स्विच बंद केला, तरी मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज उरते.
रेझिस्टर लावून ती उतरवा.
मीटरवर शून्य बघा.
मगच हात घाला.

जोडणी झाली?
व्हॉल्व्हमधली तार लाल होऊ द्या.
अर्धा मिनिट थांबा.
आता तानपुरा ऐका.