एक भ्रूण, दोन बालके
(पंचायत सदस्य व शिक्षक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात, डॉ. इंदिरा हिंदुजा व त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांनी, प्रयोगशाळेत फलित झालेल्या बीजापासून एक कन्या जन्मास आली. त्या काळी नवलाची ठरलेली ही उपचारपद्धती आज अनेक शहरांत उपलब्ध आहे. मात्र तिच्यासंबंधीचे गैरसमज अद्याप गेलेले नाहीत. ‘डॉक्टरांनी एकच भ्रूण गर्भाशयात ठेवला होता, मग जुळी कशी?’ हा त्यांपैकीच एक. अशा वेळी कोणी डॉक्टरांवर संशय घेतो, तर कोणी त्या मातेला बोल लावतो.

जुळी दोन प्रकारची असतात. दोन स्वतंत्र स्त्रीबीजे फलित झाल्यास होणारी जुळी म्हणजे एका वेळी जन्मलेली भावंडेच होत. परंतु एकाच फलित बीजाचे पुढे दोन भाग झाले, तर एकसारखी जुळी जन्मतात. नैसर्गिक गर्भधारणेत अशी जुळी हजार प्रसूतींमागे सुमारे तीन ते चार असतात. जपानमधील नऊ लाखांहून अधिक एकभ्रूण-उपचारांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात गर्भ राहिलेल्या स्त्रियांपैकी शेकडा १.३६ जणींत भ्रूणाचे असे विभाजन झाल्याचे आढळले. प्रमाण अल्प आहे, तथापि निसर्गापेक्षा अधिक आहे.

याची कारणे कोणती? निर्विवाद उत्तर शास्त्राला अजून सापडलेले नाही. भ्रूण दोन-तीन दिवसांऐवजी पाच-सहा दिवस प्रयोगशाळेत वाढवून मग गर्भाशयात ठेवल्यास विभाजनाचा संभव वाढतो, असे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. भ्रूणाभोवतीच्या पारदर्शक आवरणास छिद्र पाडल्याने आतील पेशींचा समूह बाहेर पडताना दुभंगत असावा, असाही एक तर्क आहे. गोठवून ठेवलेल्या भ्रूणांचा उपयोग हेही एक कारण जपानी अभ्यासात पुढे आले. याविषयी सर्व अभ्यासांचे निष्कर्ष मात्र एकसारखे नाहीत. मातेचे आचरण, तिचा आहार वा ग्रहनक्षत्रे यांचा या कारणांत कोठेही समावेश नाही.

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. विभाजन चौथ्या ते आठव्या दिवसाच्या सुमारास झाले, तर दोन्ही गर्भांना एकच वार असते. अशा जुळ्यांपैकी शेकडा दहा ते पंधरा गर्भधारणांत एका गर्भाचे रक्त दुसऱ्याकडे अधिक जाऊ लागते, आणि वेळीच उपचार न झाल्यास दोघांचेही प्राण धोक्यात येतात. वार एक आहे की दोन, हे अकराव्या ते चौदाव्या आठवड्यातील सोनोग्राफीत उत्तम कळते. पुढे ते ओळखणे कठीण होते. म्हणून त्या काळातील तपासणी चुकवू नये, आणि एकच वार असल्यास दर पंधरवड्यास तपासणी व्हावी.

आपल्या देशात यासंबंधीचा कायदा २०२१ साली झाला. त्यानुसार उपचारकेंद्राची नोंदणी व दांपत्याची लेखी संमती आवश्यक आहे. संमतीपूर्वीच ‘एक भ्रूण म्हणजे निश्चित एक बालक नव्हे’ हे दांपत्यास समजावून दिले गेले पाहिजे.

शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी आपल्या गावी एवढे अवश्य करावे : अशा मातेविषयी कुजबुज होत असेल तेथे शास्त्रीय माहिती सांगावी, आणि ती वेळेवर तपासणीस पोहोचेल याची काळजी घ्यावी. दोन बालकांचे प्राण त्यावर अवलंबून असू शकतात.