कलप लावावा की न लावावा?

(मंडळाच्या महिला शाखेच्या संक्रांत-मेळाव्यात केलेले भाषण)



महिला शाखेच्या चिटणीसबाई निमंत्रण द्यायला घरी आल्या, तेव्हा विषय सांगताना त्या किंचित अडखळल्या. "ताई, विषय जरा हलकाफुलका आहे, चालेल ना?" वय झालेल्या बायकांनी केस रंगवावेत की पांढरे राहू द्यावेत, असा तो विषय. मी त्यांना म्हटले, चालेल. पण हलका म्हणू नका. आपल्या समाजात बाईच्या डोक्यावरच्या केसांइतका जड विषय क्वचितच दुसरा असेल. त्याचे वजन मी लहानपणी आमच्याच घरात पाहिले आहे.

माझे माहेर वाईचे. वडिलांच्या एक आत्या आमच्याकडे असत. अंगावर आलवण, डोईवरून घट्ट ओढलेला पदर आणि दिवसभर सोवळ्यातला स्वयंपाक. दर पंधरवड्याला न्हावी पुढच्या दाराने न येता परसदाराने येई, आणि तेवढा वेळ आम्हां मुलांना परसात जायची बंदी असे. एकदा मी त्यांना विचारले, "आत्या, तुमचे केस काळे आहेत की पांढरे?" त्या भाकरी थापीत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "कोण पाहतंय मेलं आरशात!" त्या उत्तरात काय काय होते, हे कळायला मला पुढे पन्नास वर्षे लागली.

हे केशवपन आपोआप थांबले नाही. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक बांधव एकत्र आले आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही, असे त्यांनी ठरविले. ज्यांचा त्यावर चरितार्थ, त्यांनीच हत्यार खाली ठेवावे, ही घटना मला फार मोठी वाटते. आपल्या शाळेच्या पुस्तकांत ती एका ओळीत उरकलेली असते. पार्वतीबाई आठवले यांचे नाव तर अनेकांना ठाऊकही नसते. अण्णासाहेब कर्व्यांच्या पत्नी बाया कर्वे यांच्या त्या धाकट्या बहीण. विसाव्या वर्षाच्या आसपास वैधव्य आले, केशवपन झाले. आणि त्याच वेषात त्या हिंगण्याच्या आश्रमासाठी गावोगाव वर्गणी गोळा करीत हिंडल्या. वयाची चाळिशी उलटल्यावर त्यांनी वपन थांबविले आणि केस वाढू दिले. पुढे त्या एकट्या अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या. 'माझी कहाणी' हे त्यांचे आत्मचरित्र १९२८ सालचे. चाळिशीनंतर स्वतःचे केस प्रथमच वाढताना पाहणाऱ्या त्या बाईला ते कोणत्या रंगाचे निघाले याची फिकीर असेल असे मला वाटत नाही.

आता माझी गोष्ट. १९७४ साली लग्न होऊन मी सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आले आणि पुढे स्वतःही केंद्र सरकारच्या नोकरीत शिरले. चाळिशीनंतर कानशिलांवर रुपेरी तारा दिसू लागल्या. कचेरीत त्याचे कुणाला काही वाटले नाही. वाटले ते आपल्या माणसांना. दर मे महिन्यात आम्ही झेलम एक्सप्रेसने पुण्याला जात असू. १९९५च्या उन्हाळ्यात भाच्याच्या मुंजीत नणंदबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "वहिनी, दिल्लीने तुम्हाला म्हातारं केलं हो!" बोलणे प्रेमाचेच होते. पण परगावी राहणाऱ्या आपल्यासारख्यांची एक चमत्कारिक अडचण असते. गावाकडच्यांना आपण वर्षातून एकदा दिसतो. म्हणजे रोजच्या रोज होणारे म्हातारपण त्यांना एकदम, वर्षाचे गोळा होऊन दिसते. आणि आपले तिकडे सारे बरे चालले आहे, याची साक्ष आपल्या चेहऱ्याने व केसांनी द्यावी, अशी त्यांची आणि खरे सांगायचे तर आपलीही इच्छा असते. पुढच्या मे महिन्यात गाडीत बसण्याच्या दोन दिवस आधी मी बाजारातून कलपाची पुडी आणली. त्यानंतर अठरा वर्षे मी कलप लावला.

तो लावणे खोटेपणाचे होते असे मी आजही म्हणणार नाही. दाट काळा अंबाडा घालून कचेरीत शिरताना पाठ आपोआप ताठ होई. १९९८ साली सरकारी नोकरीतले निवृत्तीचे वय ५८वरून ६० झाले, तेव्हा वाढलेली दोन वर्षे आपण शोभून दिसू, असाही एक बालिश विचार मनात येऊन गेला. पण केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. तीन आठवडे झाले की भांगात पांढरी रेघ उमटते, सहा आठवड्यांत तिचा पट्टा होतो. आपण जे झाकले ते भांगच सांगतो. रविवार त्यापायी जात, उशांचे अभ्रे काळवंडत.

येथे थोडे शास्त्राचेही बोलू द्या. केसाच्या मुळाशी असलेल्या पेशी मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य तयार करतात. वयोमानाने त्या थकतात आणि नवा केस रंगाविना उगवतो. एक पांढरा केस उपटला की दहा येतात, ही समजूत खोटी. उपटल्याने त्याच छिद्रातून तेवढा एकच केस पुन्हा पांढरा येतो, आणि फार उपटले तर तोही येत नाही. युजीन श्युलर या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९०७ साली कृत्रिम कलप तयार केला. त्याने काढलेली कंपनी म्हणजे आजची लॉरियाल. आपल्याकडे त्याआधीपासून लोखंडी कढईत आवळकाठी भिजत होती आणि मेंदी वाटली जात होती. मेंदीने पांढरा केस तांबूस नारिंगी होतो, काळा होत नाही. त्यावर निळीच्या पानांची पूड लावली तर काळसर छटा येते.

म्हणून 'काळी मेंदी' असे लिहिलेली पुडी दिसली की जरा थांबा. तिला काळेपणा बहुधा पॅरा-फेनिलीनडायअमीन या रसायनाने आलेला असतो. बहुतेक कलपांत हेच रसायन असते आणि काही जणींच्या त्वचेला ते मुळीच सोसत नाही. माझ्या एका मैत्रिणीने मेंदी म्हणून ते निर्धास्तपणे थापले. दुसऱ्या दिवशी पापण्या सुजून डोळे मिटले. सीजीएचएसच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितले ते सर्वांनी लक्षात ठेवावे: कलपाचा थेंब आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावून ४८ तास वाट पाहावी. वर्षानुवर्षे सोसलेला कलप एखादे दिवशी सोसेनासा होतो, म्हणून ही परीक्षा दर वेळी करायची. आपल्यातल्या किती जणी करतात? मी तरी कधी केली नव्हती.

२०१४ साली माझे यजमान गेले. त्या दिवसांत कलपाचे भान कोणाला असणार? दीड-दोन महिन्यांनी भांगाच्या दोन्ही बाजूंना बोट-बोटभर पांढरे दिसू लागले. भेटायला येणाऱ्या बायका हळुवारपणे म्हणत, "बरं केलंत हो, सोडून दिलंत ते." मी काही सोडले नव्हते, लावायचे राहून गेले होते. एका घरी मात्र एक बाई स्पष्टच बोलल्या, "आता कोणासाठी लावायचा?" त्यांच्या मनात वाईट नव्हते. पण त्या क्षणी मला वाईचे परसदार दिसले. इतकी वर्षे मी काळे केस नवऱ्यासाठी ठेवीत होते असा जगाचा समज होता तर! यजमानांना तर मी कलप लावलेला कधी कळायचाही नाही. त्यांचे सारे लक्ष क्रिकेटच्या धावसंख्येकडे. घरी गेल्यावर मी पुडी भिजवली आणि भांगापासून मानेपर्यंत केस काळे केले. आयुष्यात कलप इतक्या रागाने मी कधी लावला नव्हता. पुढे सहा वर्षे लावीत राहिले, आणि त्यातली निम्मी वर्षे निव्वळ त्या बाईंना उत्तर म्हणून.

२०२० साली टाळेबंदी आली. चार महिने कोणाचे तोंड दिसले नाही आणि मलाही कोणी पाहिले नाही. एक दिवस आरशात पाहताना ध्यानात आले की अर्धे केस पांढरे आहेत, ते कापसासारखे मऊ आहेत आणि मला ते आवडताहेत. या वेळी कोणाला उत्तर द्यायचे नव्हते. मी थांबले.

पांढरे केस घेऊन दिल्लीत हिंडताना काय होते तेही सांगते, कारण पांढऱ्या केसांची स्तुती करणाऱ्या भगिनी ते सांगत नाहीत. भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत मी एका रात्रीत 'आंटीजी'ची 'माताजी' झाले. मेट्रोत लगेच जागा मिळते, हे खरे. पण बँकेत खाते माझे, सही माझी, आणि कारकून बोलतो ते सोबत आलेल्या मुलाशी! काळ्या केसांच्या मला असे कोणी वगळले नव्हते. तेव्हा एखादी पासष्टीची बाई अजून नोकरी-धंदा करते, चार लोकांशी व्यवहार करते आणि म्हणून कलप लावते, तर तिला नटवी म्हणण्याचा अधिकार मला नाही. पुरुषांच्या कलपाला आपण कधी हिशेब विचारला? देवलांच्या 'शारदा' नाटकात पंचाहत्तरीचा भुजंगनाथ बोहल्यावर उभा राहायला निघतो. त्याला आपण हसतो आणि सोडून देतो.

फेब्रुवारी २०२५मध्ये सत्तर वर्षांहून अधिक काळाने मराठी साहित्य संमेलन पुन्हा दिल्लीत भरले, तेव्हा आपल्यापैकी अनेक जणी तालकटोरा स्टेडियममध्ये होत्या. अध्यक्ष होत्या ८५ वर्षांच्या ताराबाई भवाळकर. त्या बोलत असताना माझ्या शेजारची कॉलेजातली मुलगी भराभर टिपून घेत होती. बाईंच्या केसांकडे तिचे लक्ष असल्याचे मला तरी दिसले नाही.

आपली जुनी क्वार्टर्स आता पाडली गेली. कोणी द्वारकेला, कोणी नोएडाला, कोणी गुडगावला विखुरले. माझ्या ज्या मैत्रिणीचे डोळे सुजले होते, ती आज तिसऱ्या रांगेत बसली आहे. तिचे केस काळे दिसतात ते मेंदी आणि निळीच्या पुडीने; तिला ते तसेच हवे आहेत. तिचा खांदा आखडल्यापासून मागच्या बाजूला हात पोहोचत नाही. म्हणून महिन्यातल्या एका रविवारी मी मेट्रोने तिच्या घरी जाते. गॅलरीत वर्तमानपत्र पसरून ती पाठमोरी बसते आणि मी तिच्या मानेवरच्या केसांना ब्रशाने लेप लावते. तो वाळेपर्यंत ती मला समोर बसवून माझी पांढरी वेणी घालते. परवाच्या रविवारी तिने विचारले, "घट्ट घालू की सैल?"

मी म्हटले, "सैलच घाल."